निवडलेली कणसं

नातीचा नवोदयचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या वावरात गव्हाचं थ्रेशर चालू होतं. भुशानं माणूस ओळखू येत नव्हता. सूनबाईनं घरी मोबाईलवर नंबर टाकला, जन्मतारीख टाकली, आणि निवड झाली नाही असं तिला दिसलं. मला ते सांगायला कोणी आलं नाही. पोरगीच एकटी चालत वावरात आली आणि धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसली. मी पाणी प्यायला आलो तर म्हणे, "आबा, मंग मी हुशार नाही का?"

मी म्हटलं, "कोण म्हणते?"

"मोबाईलमधी आलं ना."

साडेदहा वर्षांचं लेकरू. वर्षभर शाळा सुटली की ऑटोत बसून तालुक्याला क्लासला जायचं, दिवे लागल्यावर यायचं. उन्हाळ्यात गावातली पोरं विहिरीवर पोहायची, तेव्हा ही आरशातल्या आकृत्या ओळखत बसायची. आकृती उलटी केली तर कशी दिसेल, कागदाला घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर किती भोकं दिसतील, असले प्रश्न. मलाही ती विचारायची. दोन-चार बरोबर आले, बाकी चुकले. परीक्षेत असे मिळून 80 प्रश्न आणि वेळ दोन तास. बुद्धिमत्तेचे 40, गणिताचे 20, भाषेचे 20. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. दीड मिनिटात मी चंचीतला चुनासुद्धा नीट काढू शकत नाही.

आमच्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शेगावला आहे. सहावीच्या वर्गात 80 जागा. बुलढाण्याचे तालुके 13. चिखली, मेहकर, लोणारपासून पार जळगाव जामोद, संग्रामपूरपर्यंतची लेकरं त्या 80 जागांसाठी बसतात. हा हिशेब मी नातीला मांडून दाखवला. तिनं तो ऐकून घेतला, पण तिचं समाधान काही झालं नाही. तिनं विचारलं होतं ते वेगळंच होतं. मी हुशार आहे की नाही, एवढंच तिला पाहिजे होतं. खरं सांगायचं तर हुशार कोण हे ठरवण्याच्या कामात माझा हात एकदा चांगलाच पोळलेला आहे. म्हणून मी गप्प बसलो.

ती गोष्ट 1969 सालची. मी चौथीत होतो. त्या काळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. मधल्या काळात ती पाचवीला आणि आठवीला गेली होती. आमच्या गुरुजींना स्कॉलरशिपचं भारी वेड. गावात लाईट नव्हती. गुरुजी ज्या खोलीत राहायचे तिथं ते संध्याकाळी आम्हाला घेऊन बसत, आणि कंदिलात रॉकेल स्वतःच्या पैशाचं घालत. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी गुरुजींना नावं ठेवू नयेत. कंदिलाच्या उजेडात तिघं-चौघंच मावायची. त्यापेक्षा जास्त बसली तर मागच्याला पाटीच दिसत नसे. आम्ही तिघं होतो, आणि चौथ्याची जागा होती.

चौथा कोण, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. माझ्या शेजारच्या आळीतला एक पोरगा. त्याचा बाप दुसऱ्याची ढोरं राखायचा, आणि बाप आजारी असला की पोरगा राखायचा. त्यामुळं शाळेत तो आठवड्यातून तीन दिवस. पण आला की आमची तोंडं बंद. तोंडी हिशेबात गुरुजींचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं उत्तर. कडब्याची गंजी नुसती बघून पेंढ्या किती, हे तो सांगायचा, आणि मोजल्या तर पाच-दहाचाच फरक निघायचा. वाचायला मात्र अडखळायचा. दीर्घ-ऱ्हस्वाचं तर नावच नको.

गुरुजी मला म्हणाले, "त्याला संध्याकाळी यायला सांग. त्याच्या बापाशी मी बोलतो."

मी सांगितलं नाही. दोन दिवसांनी गुरुजींनी विचारलं तर म्हटलं, "सांगतलं गुरुजी. त्याचा बा पाठवत नाही." गुरुजींनी मान हलवली. बाप पाठवत नाही हे इतकं खरं वाटण्यासारखं होतं की त्यांनी पुढं चौकशीच केली नाही. खोटं कसं बोलावं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण त्या दिवशी चांगलं जमलं. कारण सरळ होतं. तो कंदिलापाशी आला असता तर मी दुसरा झालो असतो.

मला स्कॉलरशिप मिळाली. शाळेच्या भिंतीवर ऑइल पेंटनं नाव लागलं. पुढं भिंत पडली तेव्हाच ते गेलं. तो चौथीनंतर शाळेत आला नाही.

मग 1972 चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना त्याबद्दल सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून समजत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आठवीची परीक्षा झाली आणि मी आईसोबत दुष्काळी कामावर गेलो. रस्त्याचं काम. बाया खडी फोडायच्या, खडीचा ढीग रचायच्या आणि ब्रासवर पैसे मिळायचे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ढीग रचला की दोन्ही टोकांना धोंडे लावून सरळ करायचा, पण लांबीच्या बाजूनं तो उतरताच राहायचा. तळाला 6 फूट रुंद, माथ्याला 4 फूट. उंची 2, लांबी 10. मोजणारा मुकादम माथ्याची रुंदी धरायचा. चार दुणे आठ, आठ दाहे ऐंशी. कागदावर ऐंशी फूट.

हा पोरगाही तिथं पाट्या उचलायला होता. एका दुपारी तो मुकादमाला म्हणाला, "साहेब, वरचं चार अन् खालचं सहा. दोन्ही मिळून दहा, त्याचं अर्धं पाच. पाच दुणे दहा, दाहे दाहे शंभर. पुरा ब्रास होते बाईचा."

मुकादम म्हणाला, तू कोण रे शिकवणारा. पोरगा म्हणाला, "नका आयकू. मी हा ढीग मोडतो अन् बाजूला चौकोनी रचतो. मंग मोजा." आणि त्यानं खरंच रचायला सुरुवात केली. दहा-पंधरा बाया हातातले हातोडे ठेवून उभ्या राहिल्या. माझी आई त्यात होती. ढीग रचून झाला तेव्हा मुकादमानं टेप लावला आणि काही न बोलता वहीत शंभर लिहिले. त्या दिवसापासून मधली रुंदी धरू लागले. शंभरातले वीस फूट, म्हणजे पाच दिवसांच्या कामातला एक दिवस, त्या बायांना परत मिळाला.

मी तिथंच उभा होतो. भिंतीवर नाव असलेला, स्कॉलरशिपवाला. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. माझी आई रोज वीस फूट घालवत होती आणि मला पुस्तकातली गणितं येत होती.

1975 ला मी दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, तिची ती पहिलीच बॅच. त्याच वर्षी वडील खाटेला लागले, डोक्यावर दुष्काळातलं कर्ज होतं. मी औत धरलं आणि माझी शाळा तिथंच संपली. सरकारनं माझ्यावर घातलेले पैसे वाया गेले का, असं कधीकधी मनात येतं. गावातल्या लोकांचे अर्ज लिहिले, सोसायटीचे हिशेब तपासले, म्हातारपणी हे असं लिहायला लागलो. यात परतफेड झाली की नाही, मला सांगता येणार नाही.

आमच्या भागात ज्वारीचं बियाणं घरचं असायचं, तोवरची एक गोष्ट सांगतो. पुढं हायब्रीड आलं आणि बियाण्याची पिशवी दुकानातून यायला लागली. पण माझा आजा उभ्या पिकात फिरून कणसं निवडायचा. भरदार, टपोऱ्या दाण्याचं, कीड नसलेलं कणीस दिसलं की खुडून खांद्यावरच्या शेल्यात. ती कणसं घरात आढ्याला बांधून ठेवायची, दाणे काढल्यावर त्यात राख आणि कडुलिंबाचा पाला. त्यांना हात लावायची कोणाला परवानगी नव्हती, घरात दाणा नसला तरी. पण एक आहे. बियाण्याची कणसं बाजूला काढली म्हणून बाकीची ज्वारी वाईट आहे असं आजा कधी म्हणाला नाही. घर त्याच ज्वारीवर जगायचं. आणि निवडलेलं कणीस पुढच्या मिरगात त्याच वावरात जायचं.

नातीला मी पहिल्यांदा हेच सांगायला गेलो. तिनं मधेच विचारलं, "म्हणजे मी खायची ज्वारी?" तेव्हा कळलं की लेकरांना असली उदाहरणं देऊ नयेत. कणसाला आपण निवडले गेलो नाही हे कळत नाही, लेकराला कळते.

नवोदय कशासाठी काढली, हे मी त्या वर्षात थोडं वाचलं. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं हे काम. पण त्याच्या आधीच, 1985-86 मध्ये, देशात दोन शाळा प्रयोग म्हणून सुरू झाल्या होत्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. तेव्हा राजीव गांधी पंतप्रधान आणि शिक्षणाचं खातं नरसिंह रावांकडे. नरसिंह राव आंध्रचे मुख्यमंत्री असताना 1971 मध्ये सर्वेल नावाच्या गावात हुशार गरीब पोरांसाठी निवासी शाळा निघाली होती, तेच बी पुढं देशभर पेरलं गेलं असं म्हणता येईल. या माणसाला मराठी उत्तम यायची, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी त्यानं तेलुगूत नेली होती. असो. 75 टक्के जागा खेड्यातल्या लेकरांना, तिसरा हिस्सा मुलींना, आणि खाणं-राहणं-शिकणं सरकारचं. घरची परिस्थिती नाही म्हणून कोणाचं डोकं गंजू नये, हा उद्देश. यावर बोट ठेवायला मला जागा दिसत नाही. माझ्या त्या सोबत्यासारख्यांसाठीच हे होतं, फक्त सतरा वर्षं उशिरा आलं.

पण उद्देशात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, ती कोणी फार बोलत नाही. नवोदयनं जिल्ह्यातल्या बाकीच्या शाळांना हात द्यावा, आपला अनुभव आणि आपली साधनं त्यांच्याशी वाटून घ्यावी, म्हणजे सगळ्याच शाळा सुधारतील, असं त्यात आहे. म्हणजे निवडलेलं बी परत वावरात जावं, हे तिथंही कोणाला तरी सुचलं होतं. आपण मात्र घरोघरी पहिलाच अर्धा भाग वाचला. पोरगं लागलं की सुटलं. नाही लागलं की झेडपीच्या शाळेत राहिलं. "राहिलं" हाच शब्द आम्ही वापरतो, पावसात भिजत राहिलेल्या कडब्यासारखा.

अमरावतीचंच दुसरं उदाहरण आहे. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी 1932 साली तिथं श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. वऱ्हाडातल्या कुणब्यामाळ्यांच्या, गरिबांच्या पोरांना शाळा पाहिजे, एवढं त्यांना दिसत होतं. त्यात हुशार कोण निघतो ते पुढं पाहू. पुण्यात अप्पा पेंडशांनी 1962 ला ज्ञानप्रबोधिनी सुरू केली तेव्हा त्यांनी उलट बाजूनं सुरुवात केली. बुद्धिमान मुलं निवडायची, पण त्यांची बुद्धी समाजाच्या कामाला लावायची. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर ती मंडळी हराळीसारख्या खेड्यात येऊन राहिली आणि तिथं शाळा उभी केली. मला दोन्ही वाटा पटतात आणि दोन्हींत खोट दिसते. नुसतं दार उघडं ठेवलं तर चाळीस पोरांच्या वर्गात वेगानं पळणारं पोरगं खुंट्याला बांधल्यासारखं होते. आणि नुसती चाळणी लावली तर चाळणीच्या भोकाचा आकार ज्यानं ठरवला, त्याच्याच आकाराची पोरं वर राहतात. माझा सोबती दीर्घ-ऱ्हस्वात अडकून खाली पडला असता, हे मला आजही वाटते.

माझा एक पुतण्या नव्वदच्या सुमारास नवोदयला लागला होता. आमच्या गावातून पहिला. दिवाळीला घरी आला तर हिंदीत स्वप्नं बडबडायचा आणि माझी वहिनी कोपऱ्यात जाऊन रडायची. नववीत अदलाबदलीच्या योजनेत वर्षभर हिंदी मुलखातल्या नवोदयला गेला. आज मोठ्या कंपनीत आहे. भावाच्या छातीत दुखलं तेव्हा विमानानं आला, खर्च सगळा त्यानं केला, आणि पाचव्या दिवशी परत गेला. गावात लोक म्हणतात, पोरगा सरकारनं नेला तो नेलाच. मीही तसं म्हणायचो. एकदा त्याच्यासमोरच म्हटलं.

तो रागावला नाही. म्हणाला, "काका, तुम्हाला एक सांगू? गावातल्या शाळेत मी प्रश्न विचारला की सगळे हसायचे. गुरुजीसुद्धा. चंद्र आपल्यासोबत का चालतो, असं विचारलं तर माझं नावच चंद्या पडलं. मग मी विचारणं बंद केलं. तिथं पहिल्या रात्री डॉर्मिटरीत बाजूच्या खाटेवरच्या पोरानं मला तसलाच एक प्रश्न विचारला. मला वाटलं, बरं झालं, मी येडा नाही."

मी हे विसरलो नाही. असल्या शाळा कशासाठी, याचं मला पटलेलं उत्तर त्या पोरानं दिलं. इंजिनिअर, कलेक्टर निघतात ते नंतर. दहा वर्षांच्या लेकराला आपल्यासारखं दुसरं लेकरू भेटावं, त्याच्या डोक्यातल्या भुकेची कोणी टिंगल करू नये. पण मग वाटते, हे एवढंच असेल तर त्याला दोन तासांची परीक्षा कशाला पाहिजे? ते आमच्या शाळेतही झालं असतं. गुरुजी हसले नसते तर.

माझ्या सोबत्याची विहिरीच्या कामात जिंदगी गेली. किती फुटावर मुरूम, किती फुटावर काळा दगड, सुरुंगाला किती भोकं, खर्च किती, हे तो काठावर उभं राहून सांगायचा. हात कायम दुसऱ्याच्या कामावर. स्वतःच्या नावावर दीड एकर बरड. कित्येकदा आम्ही बांधावर बसलो की मी त्या खडीच्या ढिगाची गोष्ट काढायचो. म्हणायचो, "तू शाळेत गेला असता तर त्या बायाले त्यांचा पैसा कोण देला असता? गावाच्या कामी तूच आला." तो हसायचा. मला ते बोलणं फार आवडायचं. ते माझ्या सोयीचं होतं, हे समजायला नातीचा निकाल लागावा लागला.

निकालानंतर चार दिवसांनी मी त्याच्याकडं गेलो. तो खाटेवर बसून दोरी वळत होता. मी त्याला 1969 ची गोष्ट सांगितली. गुरुजींनी निरोप दिला होता, मी तो पोचवला नाही आणि वर खोटं बोललो. छप्पन वर्षांनी.

त्याचा हात थांबला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "माह्या बा पाठवतच नव्हता गड्या. ढोरं कोणं राखली असती?"

मला हलकं वाटलं. मी उठायला लागलो. तेव्हा तो म्हणाला, "पण मले इचारायला पाहिजे होतं."

आणि मग, दोरीकडं बघतच, "तू त्या बायाचं नेहमी सांगतं. एका दुपारचं काम होतं ते. मले शाळा पाहिजे होती."

मी पुन्हा बसलो. चहा आला तो प्यालो. काय बोलावं ते सुचलं नाही, आणि त्यालाही मी काही बोलावं असं वाटत नव्हतं.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. नात आमच्याच गावच्या शाळेत सहावीला गेली. त्याआधी मे महिन्यात आम्ही शेणखताचा खड्डा उपसला. किती ट्रॉल्या निघतील यावर पोरानं आणि मी वाद घातला, तर सोबत्याला बोलावून आणलं. तो काठावर उभा राहिला, नातही त्याच्या बाजूला उभी राहिली. तो सांगायच्या आत तीच म्हणाली, "आबा, खड्डा खाली निमुळता आहे ना? मंग वरचंच माप काहून धरता?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी टेप आणायला घरात गेलो.